परदेशातून घाऊक मोबाईल थेट मागवावेत का?

घाऊकदार
लहान व्यापाऱ्याने आता वितरकाच्या मागे फिरणं सोडावं आणि परदेशी पुरवठादाराकडून थेट माल मागवावा, असं माझं ठाम मत आहे. शेंझेनच्या ह्वाछियांगबेईत किंवा हाँगकाँगमध्ये जो माल लॉटने विकला जातो, तोच तीन-चार हात बदलून आपल्यापर्यंत येतो आणि प्रत्येक हात आपला वाटा काढून घेतो. पूर्वी तिथवर पोचायला ओळखी लागत. आज नमुने मागवता येतात, व्हिडिओ कॉलवर खोकं फोडून दाखवतात, पन्नास नगांची ऑर्डरही घेतात. 'परदेशी माल म्हणजे फसवणूक' ही भीती वितरकांच्याच फायद्याची आहे. विरोध करायचा तर जरूर करा, पण कारणासकट.

दुरुस्तीवाली
कारणासकटच सांगते. आम्ही २०० वापरलेले, 'ए ग्रेड' फोन मागवले. पुरवठादाराचं नाव घेत नाही. माल आला तेव्हा फोन चकचकीत, बॅटरी चांगली, कॉल लागत होते. विक्री सुरू केली. तीन आठवड्यांनी एक गिऱ्हाईक फोन घेऊन आलं. त्याने घरी फोन रिसेट केला, वाय-फाय जोडलं आणि स्क्रीनवर आलं की हा फोन अमुक कंपनीच्या नियंत्रणाखाली आहे, त्यांचं लॉगिन टाका. माझ्या पोटात गोळाच आला. उरलेला एकेक फोन रिसेट करत बसलो, तर आणखी ३१ तसेच निघाले.

कुणा कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेले हे फोन, एमडीएममधून, म्हणजे कंपनी आपले फोन दुरून ताब्यात ठेवते त्या प्रणालीतून, न काढताच विकून टाकलेले. मध्ये कुणीतरी तो स्क्रीन बायपास केला आणि पुढे ढकलले. रिसेट करेपर्यंत पत्ता लागत नाही. विकलेले परत घेतले, लोकांचे पैसे दिले. पुरवठादाराचं उत्तर काय, तर "तुम्ही तपासून घेतलेत ना?" वितरक महाग पडतो, पण त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. त्याची किंमत तुमच्या हिशोबात कुठे धरली आहे?

घाऊकदार
ताई, वाचून वाईट वाटलं. पण हे वापरलेल्या मालाचं दुखणं झालं, थेट आयातीचं नव्हे. तोच लॉट वितरकानेही तुम्हाला दिला असता. पैसे सोडण्याआधी सगळ्या नगांच्या आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची, यादी मागितली होती का? १५ आकड्यांतले पहिले ८ आकडे मॉडेल सांगतात, शेवटचा पडताळणीचा असतो. एकच नंबर दोन फोनवर दिसला तर त्यातला एक तरी क्लोन, म्हणजे दुसऱ्याचा नंबर घातलेला. त्याच यादीवरून लॉक आणि ब्लॅकलिस्टही (चोरीच्या किंवा हप्ते थकलेल्या, नेटवर्कने बंद केलेल्या फोनची यादी) तपासून मिळतं. यादी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी मी पुढे बोलतच नाही.

दुरुस्तीवाली
यादी होती. ब्लॅकलिस्ट कोरी होती. पण ती त्या दिवसापुरती. आधीच्या मालकाचे हप्ते थकले की फोन काही महिन्यांनीही त्यात जातो.

बिल ऑफ लेडिंग
नवीन, सीलबंद मालातही फार निर्धास्त राहू नका. फोन कुठल्या बाजारासाठी बनला ते आधी पाहा. चीनच्या बाजारासाठीच्या अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सेवा नसतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ च्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा ट्रेच नाही. जपानच्या अनेक मॉडेलांत कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. माल अस्सल, पण गिऱ्हाईक तुमच्याच नावाने ओरडणार. शिवाय काही देशांत आयएमईआयची नोंद आणि शुल्क नसेल तर ठराविक मुदतीनंतर फोन नेटवर्कवर बंद होतो. पाकिस्तान, तुर्की ही त्याचीच उदाहरणं.

सुट्या बॅटऱ्या सोबत मागवणाऱ्यांसाठी : लिथियम-आयन बॅटऱ्या एकट्या असतील तर १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात कार्गो म्हणून घेत नाहीत, आणि मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. पुरवठादाराने त्या 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणून फोनच्या खोक्यात दडवल्या तर सगळी खेप अडकते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बिलावर किंमत कमी दाखवतो म्हणणाऱ्याला तर पहिल्या बोलण्यातच नाही म्हणा. माल हरवला तर विम्याचा दावाही त्याच खोट्या आकड्याने होईल.

घाऊकदार
मॉडेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पैशाची जोखीम आवरता येते. ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघताना, हा रिवाज नको असेल तर बँकेकडून एलसी उघडा, म्हणजे अटी पुऱ्या झाल्या की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी.

बिल ऑफ लेडिंग
एलसीबद्दल हाच गैरसमज सगळीकडे आहे. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदपत्रं बघते, माल नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल (विमानाने माल पाठवल्याची पावती) अटींप्रमाणे असलं की बँक पैसे देते, मग खोक्यात विटा का असेनात. तिऱ्हाईत संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र एलसीच्या अटींतच घातलंत, तरच त्याचा आधार.

घाऊकदार
मग तेच करायचं. प्रत्येक नग रिसेट करून वाय-फायवर सुरू केला, असं प्रमाणपत्रात हवंच, नमुन्यादाखल दहा-वीस नग बघून चालणार नाही. ताईंचे ३२ फोन तिथेच सापडले असते. माझं मूळ मत मात्र कायम आहे.

दुरुस्तीवाली
एका फोनला रिसेट, सेटअप, वाय-फाय धरून दहा मिनिटं लागतात. २०० फोनचे तेहतीस तास, तेही प्रत्येक खेपेला. हे तास कोणी फुकट देणार नाही. त्यांचे पैसे तुमच्या मार्जिनमधून वजा करा आणि उरलेला आकडा इथे टाका, मग वितरकाच्या भावाशी तुलना करू.