अनुभव धागा: रांगतं लेकरू आणि ओसरीवरचं कुत्रं

आधी आमचंच सांगते. मोत्या नऊ वर्षांचा, लेक सव्वा वर्षाची. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळे ओसरीवर लाकडी नंदी सजवत बसलो होतो. नंदीचं एक चाक निखळून बाजेखाली घरंगळलं, लेक त्यामागं रांगत गेली. बाजेखाली मोत्या झोपलेला. दचकून त्यानं तोंड फिरवलं आणि दात तिच्या गालाला लागला. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण रक्त आलं. पाच मोठी माणसं तिथंच होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याचं लक्ष आहे.

सासूबाई हळद घेऊन धावल्या. शेजारच्या आशाताईंनी हात धरला आणि नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायला लावलं. रडणाऱ्या लेकराला धरून पंधरा मिनिटं केवढी असतात, ते घड्याळ पाहिल्यावर कळलं. मग सरकारी दवाखाना. मोत्याला रेबीजची लस टोचलेली होती, तरी जखम तोंडावर म्हणून डॉक्टरांनी काहीच टाळलं नाही. जखमेतच एक औषध टोचलं, आणि लस 0, 3, 7, 28 या दिवसांना. पोटात चौदा इंजेक्शनं देतात हे अजून गावात सांगतात, ते जुनं झालं.

तुमच्याकडं काय घडलं, मग घरात काय बदललं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

दर्यापूरकडचे एक आजोबा

नात टाइप करून रायली, मी बोलतो. आमचा वाघ्या वावरातला. रानडुकरासाठी जागलीवर सोबत राहे. घरी आला अन् गुरगुरला की म्या त्याले काठी दाखवो. दोन वर्षांत त्यानं गुरगुरणंच सोडलं. मले वाटलं सुधरला. मंग एक दिवस नातवानं त्याच्या जर्मनच्या गंजातली भाकर उचलली, अन् वाघ्यानं आवाज न करता हात धरला. नशीब, सोडला लगेच. जनावरांचे डॉक्टर म्हणे, बाबाजी, गुरगुरणं म्हणजे त्याचं सांगणं होतं, तेच तुम्ही बंद केलं. आता गंज गोठ्यात असते, अन् वाघ्या जेवे तवर गोठ्याचं दार बंद. गुरगुरला तर आम्ही पोट्ट्याले उचलतो, वाघ्याले काही म्हणत नाई.

यवतमाळ जिल्हा

वेचणी सुरू झाली की आमच्या पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकतो. माणसं, शेरू आणि दीड वर्षाचा पोरगा, सगळे एका खोलीत. सुताराकडून माजघराच्या दाराला कमरेएवढं फाटक करून घेतलं, जुन्या बाजेच्या लाकडांचं. पहिल्यांदा दांड्यांमध्ये फट जास्त ठेवली आणि पोराचं डोकंच अडकलं. तेल लावून काढलं, सासरे बरेच दिवस हसत होते. मग मधे आणखी दांड्या ठोकल्या. शेरू न्हाणीकडच्या बाजूला, पोरगा इकडं. माझे हात कणकेत असले की फाटक लावलेलं असतंच.

वर्धा

इतका विचार कशाला? साखळीनं बांधा, विषय संपला.

वरच्यांना उत्तर, काटोलकडून

आम्ही बांधलं होतं. साखळी तीन हात लांब होती, पोरगी चौथ्या हाताला थांबली नाही. मोकळं कुत्रं उठून निघून तरी जातं, बांधलेलं कुठं जाणार? वर दिवसभर बांधून ते चिडकं झालं होतं, ते वेगळं.

चंद्रपूरकडची एक आई

मे महिन्यात आमचं कुत्रं माठाखालच्या ओल्या रेतीत पडून असतं आणि पोरीलाही पाण्यातच खेळायचं. ती अंगावर रेलली की ते जिभेनं ओठ चाटायचं, तोंड वळवायचं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. आम्ही फोटो काढायचो, किती माया म्हणून. ती माया नव्हती, नकोसं झाल्याचं सांगणं होतं. ते फोटो आता बघवत नाहीत. माठ घरात घेतला, कुत्र्यासाठी सांदवाडीत ओलं पोतं.

पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते

तीनच गोष्टी. पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दरवर्षी. जंताचं औषध, कारण कुत्रं जिथं हगतं तिथलीच माती लेकरं तोंडात घालतात. आणि चावलेल्या कुत्र्याला मारू नका, दूर नेऊन सोडूही नका. दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. मात्र त्यासाठी लेकराचं इंजेक्शन थांबवायचं नाही.

अचलपूर

सून माहेरून तीन महिन्यांचं बाळ घेऊन येणार होती. मुलगा आठ दिवस आधी बाळाचं वापरलेलं दुपटं घेऊन आला आणि आमच्या कुत्र्याला, राजाला, वास ओळखीचा व्हावा म्हणून त्याच्या जागेपासून जरा दूर दोरीवर टांगलं. उपयोग झाला की राजा मुळातच गरीब, सांगता येत नाही. तरी बाळाच्या खोलीत त्याला घेत नाही.

धागा काढणारी

मोत्याचं राहिलंच. जनावरांच्या डॉक्टरांनी जबडा उघडून पाहिला तर मागची दाढ सडलेली, हिरडी सुजलेली. कधीपासून दुखत होतं कोण जाणे. जेवण कमी झालं होतं, आम्ही म्हातारपण म्हणत होतो. दाढ काढली. बाजेखालची जागा त्याचीच ठेवली, भोवती फळ्या लावल्या. लेक आता फळीपलीकडून त्याला "मोत्ता" म्हणून हाक मारते. तो कान हलवतो, उठत नाही.