ऑफिसला सायकलने जाताना खरी अडचण रस्त्याची, की ऑफिसच्या दाराची?

पौडफाटा:
मुद्दा थेट मांडतो, पटला नाही तर जरूर खोडा. पुण्यात ज्याची नोकरी घरापासून सात-आठ किलोमीटरच्या आत आहे आणि गुडघे शाबूत आहेत, त्याने सायकलने ऑफिसला जावं. मी कोथरूडहून शिवाजीनगरला जातो. नळ स्टॉपपर्यंत कर्वे रस्ता, पुढे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, भांडारकर रस्ता, गुडलक चौक आणि मग जंगली महाराज रस्ता. अर्ध्या तासात पोचतो. सकाळी साडेनऊला स्कूटरवालाही याहून फार लवकर पोचत नाही, प्रत्येक सिग्नलला तो माझ्या शेजारीच उभा असतो.

सायकल का सोडली असं विचारलं की जो तो रस्त्याचं नाव घेतो. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ती ऑफिसच्या दारात सोडली. आमच्या इमारतीत पार्किंगच्या स्टिकरसाठी फॉर्म भरावा लागतो. त्यात गाडीचा नंबर आणि आरसी बुकाची प्रत मागतात. सायकलला दोन्ही नसतं. म्हणून स्टिकर नाही, म्हणून बेसमेंटमध्ये प्रवेश नाही, म्हणून सायकल उघड्यावर, जनरेटरच्या मागे. पावसाळ्यात आठवडाभरात चेनला गंज धरतो. वर जाऊन घामाचा शर्ट बदलायचा तर स्वच्छतागृहात. फरशी ओली असते आणि दाराला हुक एकच, त्यावर बॅग टांगली तर शर्ट खांद्यावर घेऊन उभं राहायचं. महिनाभर हे केल्यावर माणूस गुपचूप स्कूटरची किल्ली उचलतो.

तेव्हा सायकल ट्रॅकची वाट बघत बसू नका. आधी आपापल्या ऑफिसकडे छपराखालचा स्टँड आणि कपडे बदलायला एक खोली मागा. महापालिकेला हलवायला वर्षं जातात. ॲडमिनवाले आपल्याच इमारतीत बसतात.

खडकीवाला:
अजिबात पटलं नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हँडलला डबा, रात्रपाळीला डायनॅमो. त्यांना कुठली आलीय कपडे बदलायची खोली? तरी ते निवृत्तीपर्यंत सायकलनेच गेले. भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि रस्ता त्यांचा असायचा. मोटारवाल्याला त्यांच्यातून वाट काढावी लागायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते असल्या लोंढ्यांमुळे. खडकी, देहूरोड, नंतर पिंपरी-आकुर्डीच्या कंपन्या. संख्या हेच त्यांचं संरक्षण होतं.

आज तुम्ही रस्त्यावर एकटे असता. बस थांब्याकडे वळते तेव्हा डावीकडून चाललेला सायकलवाला बस आणि पदपथाच्या मध्ये सापडतो. ड्रायव्हरला तो आरशात दिसतच नाही. चेंबरच्या जाळ्या बघितल्यात? पट्ट्या वाहतुकीच्या दिशेने बसवलेल्या असतात, चाक सरळ फटीत. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर आणि खोदाईवर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर ब्रेक लावून बघा. शर्ट ओला होणं ही अडचण नव्हे. वडील आज असते तर त्यांनी मला त्या रस्त्याने सायकलवर जाऊ दिलं नसतं.

पौडफाटा:
खडकीवाले, जाळ्यांचं शंभर टक्के खरं. मी स्वतः बारीक टायर वापरत नाही, पस्तीस-चाळीस मिलिमीटरचे जाड टायर आहेत, ते फटीत जात नाहीत. बसच्या डावीकडून कधीच घुसू नये, मागे थांबावं, हे मी नवख्यांना पहिल्यांदा सांगतो. पण तुम्ही म्हणता ती संख्या परत येणार कशी? एकेक माणूस टिकला तरच ना? आणि टिकायला त्याला रोज सायकल ठेवायला जागा लागते.

वारजेकरीण:
दोघंही घर ते ऑफिस अशी सरळ रेघ धरून बोलताय. माझी रेघ सरळ नाही. वारज्याहून निघायचं, मुलीला पाळणाघरात सोडायचं, बाणेरला ऑफिस. येताना मुलगी, सासूबाईंची औषधं, भाजी. यातलं एक ठिकाण सायकलच्या टप्प्यात नसलं की सगळा दिवस स्कूटरचा होतो. तुमचे सात-आठ किलोमीटर मोजताना ही वळणं कुणी धरत नाही.

आणि मध्ये महामार्गावरचा चांदणी चौक आहे. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवे पूल आणि रॅम्प ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. मोटारींची सोय झाली, कबूल. पण तिथे पायी रस्ता ओलांडणाऱ्याचे हाल बघा आणि मग सांगा की त्या रॅम्पवर मुलीला मागे बसवून सायकल घालू का? तुमच्या प्रभात रस्त्याला झाडं आहेत, गल्ल्या आहेत. पुणं म्हणजे प्रभात रस्ता नव्हे.

पौडफाटा:
ताई, चांदणी चौकातून मुलीला घेऊन जा असं मी कुणालाच सांगणार नाही. वळणांचा मुद्दा मात्र बॅटरीच्या सायकलने बराच सुटतो. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या सायकलला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. चढावर दम लागत नाही, घामही कमी. मागे कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पिशव्या लावल्या की भाजी, औषधं, डबा, सगळं मावतं. पाठीवरची बॅगही जाते. पाठ भिजते ती निम्मी त्या बॅगेमुळेच.

वारजेकरीण:
भाजीचं सुटेल. पाळणाघर सातला बंद होतं, ते कसं सुटेल? संध्याकाळी उशीर झाला की बाईला अंधाऱ्या गल्लीतून जायचं असतं, आणि तुमची आवडती आतली गल्ली तीच असते. मी मोठ्या रस्त्याने जाईन. तिथे दिवे असतात, माणसं असतात. म्हणजे मला मोठा रस्ताच सुरक्षित हवा आहे. गल्लीबोळातून वाट काढा हा सल्ला पुरुषांनी पुरुषांना दिलेला आहे.

उत्रेख्तकर:
मी नेदरलँड्समध्ये राहतो, मूळचा सदाशिव पेठेतला. इथल्या ऑफिसात शॉवर आहे, पण मी तो कुणाला वापरताना पाहिलेला नाही. लोक रोजच्याच कपड्यात, सावकाश, घाम येणार नाही अशा बेताने येतात. कारण मागून कुणी हॉर्न मारत नाही. तेव्हा मी खडकीवाल्यांच्या बाजूने. आधी रस्ता.

इथे हे आधीपासून होतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये चारशेहून जास्त मुलं वाहनांखाली आणि अपघातांत गेली. आईबाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' म्हणून आंदोलन उभं राहिलं. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांना मोकळा रस्ता कसा असतो ते दिसलं. त्यानंतर धोरण बदललं. आज आमच्या उत्रेख्त शहराच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायची सोय आहे. पण स्टँड मागून आला, रस्ता आधी.

मधलीसुट्टी:
नेदरलँड्सचं उदाहरण आलं की माझा जीव थकतो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. तिथे सावकाश चालवून घाम टळेल, इथे नुसतं उभं राहून येतो. पौडफाटा यांचं खोलीचं म्हणणं मला रास्त वाटतं. शिवाय आपल्याकडे आराखड्यांची कमतरता नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, झाली तेव्हा कडेने सायकल ट्रॅक केले. आज त्यावर काय चालतं ते सातारा रस्त्याला जाऊन बघा. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. ट्रॅक म्हणजे पेव्हर ब्लॉकचा तुकडा. पुढे झाड, मग विजेचा डीपी बॉक्स, मग टपरी, मग एक फूट उंच कडा. त्यावरून चढ-उतार करत जाण्यापेक्षा रस्त्याने गेलेलं बरं. कागदावरच्या रस्त्याच्या भरवशावर कुणी आपलं आयुष्य थांबवून ठेवू नये.

लांब पल्ल्यावाल्यांसाठी एक: आपली मेट्रो सायकल डब्यात नेऊ देते. मी पिंपरीहून तसाच येतो. मुंबईच्या लोकलमध्ये याचा विचारही करता येत नाही.

काळाकोट:
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कलम १६४ खाली आता वाहनाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख भरपाई मागता येते. सायकलस्वारही मागू शकतो. सायकलला नंबर नाही, विमा नाही म्हणून आपला हक्क नाही असं समजून पुष्कळ घरं गप्प बसतात. तसं करू नका.

गेटपास:
मी एका मोठ्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. धागा सकाळपासून वाचतोय. तुम्ही सगळे 'सायकल सुरू केली', 'सायकल सोडली' असं बोलताय. आमच्या गेटवर रोज ज्या सायकली येतात त्या सोडण्यातल्या नाहीत. माझे गार्ड, हाउसकीपिंगची माणसं, कॅन्टीनची पोरं. बारा तासांची ड्यूटी करून रात्री आठला निघतात. सायकल तिसऱ्या-चौथ्या हाताची, ब्रेकचे रबर झिजलेले, मागे लाल काचही नाही. पगारात बस परवडते, पण मध्ये बस बदलावी लागते, आणि सकाळी सातच्या आधी ती दुसरी बस वेळेवर मिळत नाही.

पौडफाटा साहेब, तुमच्या ऑफिसात स्टँड झाला तर तो कुणासाठी? आमच्या इथे एका कंपनीने केला. छप्पर, लॉक, सगळं छान. कंपनीच्या आयकार्डवरच उघडतो. माझ्या माणसांच्या सायकली अजून भिंतीबाहेर रस्त्यावर उभ्या आहेत. त्यातली एक दिवाळीच्या तोंडावर चोरीला गेली. तो पोरगा नवी घेईपर्यंत पहाटे चार वाजता चालत निघायचा. आणि रस्त्यावर मरायची भीती म्हणाल तर ती त्याला सगळ्यात जास्त. त्याच्याकडे जाड टायर नाहीत, हेल्मेट नाही, आतली गल्ली शोधायला वेळ नाही.

पौडफाटा:
गेटपास, तुमची पोस्ट वाचल्यावर मागणी कशी लिहायची ते स्पष्ट झालं. आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाला या आठवड्यात अर्ज देतोय, मजकूर असा: बेसमेंटच्या रॅम्पजवळ दोन मोटारींची जागा सायकलींना द्यावी, दोन मोटारींच्या जागेत वीसेक सायकली आरामात लागतात. स्टिकरसाठी आरसी बुकाऐवजी सायकलच्या फ्रेमवर कोरलेला नंबर चालावा. इमारतीत काम करणारा कुणीही, पगार कुणाकडूनही घेत असो, तिथे सायकल लावू शकेल. आणि हवा भरायचा उभा पंप तिथेच साखळीने बांधून ठेवावा. कपडे बदलायच्या खोलीचं वेगळ्या अर्जात घेतो, नाहीतर तिच्या खर्चावरून सगळंच अडेल.

रस्ता आधी की स्टँड आधी, यावर माझं मत तेच आहे. स्टँड आपल्या हातात आहे म्हणून आधी.

खडकीवाला:
अर्जाला माझा पाठिंबा. आमच्याही इमारतीत हाच मजकूर देतो. क्रमाबद्दल माझंही मत बदललेलं नाही, रस्ता आधी. स्टँड झाल्यावर अजून दहा जण सायकल काढतील, आणि त्यांना तुम्ही त्याच बसच्या डाव्या बाजूला पाठवणार. म्हणून दुसरा अर्ज मी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला देतोय. माझ्या रोजच्या वाटेवरच्या उभ्या पट्ट्यांच्या जाळ्यांचे फोटो, प्रत्येकाखाली जवळच्या दुकानाची खूण. जाळी आडवी फिरवून बसवायला ना आराखडा लागतो, ना मोठं टेंडर. वारजेकरीण ताई, चांदणी चौकाच्या बाजूचे फोटो तुम्ही द्याल का?

वारजेकरीण:
देते. पण जाळ्यांचे नाही. रॅम्पच्या तोंडाशी पायी माणसं कुठे थांबतात, त्याचे देते. सायकलचं नंतर बघू, आधी तिथून मुलीचा हात धरून पलीकडे जाता आलं पाहिजे.