सेलचं वेष्टण फाटलंय तिकडे आधी बघा
ई-सिगारेटचा मोड (सेल बसतो तो भाग) मध्येच बंद पडतो, 'चेक ॲटमायझर' (वाफ करणारा भाग तपासा) दाखवतो, म्हणून दोनदा कॉइल (लिक्विड तापवणारी तार) बदलली, असं तुम्ही लिहिलंय. कॉइलआधी जोडणी बघा. सेल बाहेर काढा, लिक्विडची टाकी उतरवा आणि मोडवरच्या पिनेभोवती लिक्विडचा चिकटा साचलाय का ते पाहा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने पुसा, नीट वाळू द्या. इथे लेस्टरला माझा मोड तेवढ्यानेच सुधारला. टाकी फार आवळू नका, पिन आत दबते.

पण मला खरी काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याची. सेलचं प्लास्टिक वरच्या टोकाला फाटलंय आणि सेलोटेप लावून काम चालू आहे. कृपया तो सेल आजच बाजूला काढा. १८६५० सेलचा (हे त्याच्या आकाराचं नाव) बाहेरचा अख्खा पत्रा ऋण असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. मधोमध धन टोक. दोघांत अंतर जेमतेम काही मिलिमीटर, आड फक्त ते पातळ वेष्टण आणि एक चकती. तिथे धातू टेकला की शॉर्ट, मग सेल तापून फुटायला वेळ लागत नाही. पत्र्याला पोचा नसेल तर नवं वेष्टण घालता येतं. पोचा असेल तर टोकांना टेप लावून काउन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको.

सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच नको, प्लास्टिकची डबी घ्या. आणि नवीन घेताना '९९०० एमएएच' (सेलची क्षमता) छापलेला दिसला तर सरळ परत ठेवा. या आकारात ४००० च्या आसपासच मजल जाते.