मदत हवी आहे: झेड-चॅनेलच्या क्षमतेच्या सिद्धतेत १/ई ही संख्या कोठून येते?

नमस्कार,

झेड-चॅनेल, म्हणजे ० आणि १ पैकी फक्त १ मध्येच चूक होऊ शकणारा संदेशवहनाचा मार्ग; त्याच्या क्षमतेचे सूत्र मी पायरीपायरीने सिद्ध केले आहे आणि ते पुस्तकातील सूत्राशी जुळते. मात्र चॅनेल अतिशय खराब असताना इष्टतम इनपुट संभाव्यता, म्हणजे १ किती वेळा पाठवावा ते प्रमाण, १/ई कडे जाते (ई ≈ २.७१८ हा नैसर्गिक लॉगचा पाया), यामागचे कारण बीजगणितातून मला दिसत नाही. पुस्तके हा भाग बहुधा ‘विकलन करून शून्याशी समीकरण मांडा’ एवढ्या एका ओळीत उरकतात, म्हणून येथे विचारत आहे.

या चॅनेलमध्ये ० पाठवले तर नेहमी ०च मिळते. १ पाठवले तर ते क या संभाव्यतेने १ म्हणून पोहोचते आणि १ − क या संभाव्यतेने त्याचे ० होते. प्रकाशाचे स्पंद पाठवून फोटॉन मोजणाऱ्या प्रणालीचे हे सोपे प्रारूप आहे, कारण पार्श्वप्रकाश नगण्य मानल्यास न पाठवलेला स्पंद कधीच नोंदला जात नाही, पाठवलेला मात्र निसटू शकतो. १ पाठवण्याची संभाव्यता अ असेल, तर १ मिळण्याची संभाव्यता अक होते आणि परस्पर माहिती (आउटपुट पाहून इनपुटबद्दल सरासरी जेवढे कळते ते) अशी येते:

माहिती = ह(अक) − अ·ह(क)

येथे ह हे द्विमान एंट्रॉपीचे, म्हणजे दोनच शक्यता असताना उरणाऱ्या अनिश्चिततेचे, फल असून सर्व लॉग २ या पायाचे आहेत. दुसऱ्या पदात अ हा गुणक आहे, कारण ० पाठवले असता आउटपुटबद्दल काहीच अनिश्चितता उरत नाही. शॅननच्या १९४८ च्या मांडणीनुसार क्षमता म्हणजे अ च्या सर्व किमतींमध्ये मिळणारी या राशीची कमाल किंमत. अ च्या सापेक्ष विकलन करून ते शून्य मानल्यावर

क·लॉग((१ − अक)/(अक)) = ह(क)

हे समीकरण मिळते आणि ते सोडवून पुढील दोन सूत्रे हाती येतात:

अ = १ / [क + (१ − क)^(−(१ − क)/क)]

क्षमता = लॉग[१ + क·(१ − क)^((१ − क)/क)]

क = १/२ घेतल्यास अ = २/५ आणि क्षमता लॉग(५/४), म्हणजे सुमारे ०.३२१९ बिट येते. पडताळा म्हणून कुलबॅक-लायब्लर अंतराची (दोन संभाव्यता-वाटण्यांमधील फरकाच्या मापाची) अट तपासली: इष्टतम अ असताना प्रत्येक इनपुटमुळे होणाऱ्या आउटपुटच्या वाटणीचे एकूण आउटपुटच्या वाटणीपासूनचे अंतर सारखेच असावे लागते. १ मिळण्याची संभाव्यता १/५ असल्याने ० या इनपुटसाठी हे अंतर लॉग(५/४) आहे, आणि १ या इनपुटसाठी ½·लॉग(५/८) + ½·लॉग(५/२), म्हणजे पुन्हा लॉग(५/४)च. दोन्ही समान आहेत, त्यामुळे उत्तराबद्दल शंका नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. क शून्याकडे जाताना (१ − क)^(−(१ − क)/क) ची सीमा ई असल्यामुळे अ ची सीमा १/ई, म्हणजे सुमारे ०.३६८ होते. १ जवळजवळ कधीच पोहोचत नसेल, तर तो पाठवण्याचे प्रमाणही शून्याकडे जावे असे प्रथमदर्शनी वाटते. मग ते एका ठरावीक संख्येवर का थांबते? दुसरे म्हणजे, अ = १/२ ठेवल्यास क = १/२ असताना ०.३११३ बिट मिळतात, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ९६.७ टक्के, तर क = ०.१ असताना सुमारे ९४.६ टक्के. हे प्रमाण पुढे घसरतच जाते की कोठे थांबते?

प्रतिसाद:

आपली सूत्रे बरोबर आहेत. कारण दिसत नाही याचे मूळ असे, की आपण परस्पर माहिती इनपुटच्या बाजूने मोडली आहे. ती आउटपुटच्या बाजूने मोडून पाहा. प्रत्येक आउटपुट मिळाल्यावर इनपुटबद्दलचा अंदाज मूळ वाटणीपासून किती सरकतो, हे त्या आउटपुटच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली, तरी तीच राशी मिळते.

१ मिळाला तर १च पाठवला होता हे निश्चित होते, त्यामुळे त्या वेळी मिळणारी माहिती नेमकी लॉग(१/अ) असते आणि असे घडण्याची संभाव्यता अक आहे. ० मिळाला तर मात्र अंदाज फार थोडा सरकतो. हा बदल क च्या प्रमाणात असतो, आणि जवळजवळच्या दोन वाटण्यांमधील कुलबॅक-लायब्लर अंतर बदलाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते पद क च्या वर्गाइतके लहान होते. म्हणून क लहान असताना

माहिती ≈ क·अ·लॉग(१/अ)

एवढेच उरते. येथे क हा केवळ बाहेरचा गुणक आहे. चॅनेल आणखी खराब झाला तर एकूण माहिती कमी होते, पण कमाल किंमत अ च्या कोणत्या किमतीला मिळते ते बदलत नाही. १ विरळ पाठवावा तर तो मिळाल्यावर कळणारी माहिती वाढते, पण तो मिळण्याची शक्यता घटते; अ·लॉग(१/अ) हा गुणाकार अ = १/ई येथे सर्वांत मोठा होतो.

दुसरे उत्तरही यातूनच निघते. अ = १/२ घेतल्यास क/२ बिट मिळतात, तर अ = १/ई घेतल्यास (क/ई)·लॉग(ई), म्हणजे सुमारे ०.५३०७·क. त्यांचे गुणोत्तर ०.९४२ येते, म्हणजे आपण विचारलेली घसरण तेथे थांबते. दोन इनपुट आणि दोन आउटपुट असलेल्या, क्षमता शून्य नसलेल्या कोणत्याही स्मृतिरहित (प्रत्येक वापर आधीच्या वापरांपासून स्वतंत्र असलेल्या) चॅनेलची इष्टतम इनपुट संभाव्यता १/ई आणि १ − १/ई यांच्या दरम्यानच असते, हा ज्ञात निष्कर्ष आहे. त्या मर्यादेच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण म्हणजे आपण घेतलेला हाच चॅनेल, क शून्याकडे नेल्यावर.