विषय: रविवारची खोली (तातडीचं!!)

मंडळी,
रविवारी दुपारी ३ ला स्कूल डिस्ट्रिक्टच्या गिफ्टेड (हुशार मुलांच्या खास वर्गांच्या) कोऑर्डिनेटर बाई पालकांशी बोलायला येतायत. महिनाभर मागे लागून आणलंय त्यांना. आणि आता कळतंय की शेजारच्या हॉलमध्ये ढोल-ताशाचा सरावही ३ लाच! विनायक, ५ ला घे ना प्लीज. चहा माझ्याकडे.
– मंजिरी

मंजिरीताई,
जमणार नाही. ५ नंतर कस्टोडियन (इमारतीची देखभाल करणारा) जादा तास लावतो. गेल्या गणपतीचं बिल विसरलात? झूमवर घ्या की.
– विनायक

झूम नको!! बाई स्लाइड वाचणार, आपण म्यूट. आमच्या धाकट्याचं कोगॅटमध्ये (गिफ्टेडच्या निवडीची बुद्धिमत्ता चाचणी) थोडक्यात हुकलं, मी गप्प बसले. मग कळलं, न्यू जर्सीत २०२० च्या जानेवारीत गिफ्टेडसाठी कायदा झालाय. एकाच परीक्षेवर निवड करायची नाही. पटलं नाही तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे तक्रार, तिथून राज्याच्या शिक्षण कमिशनरकडे अपील. हे सगळं डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असायला हवं. आमच्याकडे ते पान शोधण्यात माझा अर्धा तास गेला आणि दूध उतू गेलं ते वेगळंच.
– शुभदा

शुभदा, अपिलं करून पोरगं हुशार होत नाही. मी ज्ञान प्रबोधिनीच्या प्रशालेचा, हुशार पोरं निवडून घेणाऱ्या शाळेचा. माझे वडील शाळेत एकदाच आले, तेही मी दलावरून (प्रबोधिनीच्या संध्याकाळच्या खेळ-उपक्रमांवरून) उशिरा घरी येतो म्हणून भांडायला. आप्पा पेंडशांनी १९६२ ला ज्ञान प्रबोधिनी काढली ती हुशार पोरं समाजाच्या उपयोगी पडावीत म्हणून. इथे आपलं एकच, 'माझा कुठल्या ग्रुपात?' शनिवारी सकाळी एएमसी ८ चे (आठवीपर्यंतच्या मुलांची गणित स्पर्धा) जुने पेपर घेऊन बसायला मी तयार आहे. २५ प्रश्न, ४० मिनिटं. पालकांनीही सोडवायचे, नुसतं सोडून जायचं नाही.
– श्रीराम

श्रीरामकाका, दर वर्षी या लिस्टवर प्रबोधिनी निघतेच :)
शनिवारच्या खोल्या मराठी शाळेच्या नावावर आहेत. आधी विचारत चला. आणि तुमच्या या गिफ्टेडांपैकी चौघं माझ्या वर्गात आहेत, 'बाळ'ला 'बाल' म्हणतात. त्याला कोणती कोऑर्डिनेटर?
– नीलिमा

अहो, खोलीचं काय???
– मंजिरी

बरं. पहिला पाऊण तास नव्या पोरांकडून तोंडीच बोल घोटून घेतो. पावणेचारला मात्र ढोल वाजणार, बाईंना आधीच सांगून ठेवा.
आणि बाईंना भेटणाऱ्या पालकांच्या यादीत माझंही नाव घाला. मुलगी दुसरीत आहे.
– विनायक