ट्रंकेत सापडलेली बेसबॉल कार्डं: १९८७ बॉण्ड्स, १९८९ ग्रिफी. किंमत कशी काढायची?

म्हापसेकर
तारवटी (बोटीवर नोकरी केलेल्या) मामांच्या ट्रंकेत रबर लावलेली गड्डी मिळाली. त्यात लाकडासारखी किनार छापलेलं टॉप्स कंपनीचं १९८७ चं बॅरी बॉण्ड्स (क्र. ३२०) आणि अपर डेक कंपनीचं १९८९ चं केन ग्रिफी ज्युनिअर (क्र. १) या खेळाडूंचं कार्ड आहे. नेटवर कुणी पाच डॉलर मागतो, कुणी पाच हजार. ग्रेडिंगला (कार्डाची अवस्था तपासून १० पैकी ग्रेड देतात ते) अमेरिकेत पाठवू का?

फोंडा_छंदी
मागायला काय, कुणी काहीही मागेल. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ फिल्टर लावून प्रत्यक्ष विकलेले भाव बघा. सुटी कार्डं आणि स्लॅबमधली (ग्रेड देऊन कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेली) वेगवेगळी धरा. बॉण्ड्सचं सुटं कार्ड चार-दोन डॉलरांचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कार्डं बेसुमार छापली गेली, आणि पुढे भाव येईल म्हणून लोकांनी ती जपूनही ठेवली. तिकडे त्या मालाला ‘जंक वॅक्स’च (मेणकागदी पाकिटांतला भंगार माल) म्हणतात.

बॉण्ड्स फक्त उलटून बघा. साध्या कार्डाचा पुठ्ठा करडा असतो. मागे पांढराशुभ्र आणि पुढे चकचकीत असेल तर ती ‘टिफनी’ आवृत्ती. तिचा हिशेब वेगळा.

डिचोली_भिंगवाला
ग्रिफीच्या नकला खूप आहेत. १० पटींच्या भिंगाखाली फोटोत रंगांचे ठिपके दिसणारच, पण काळी अक्षरं सलग हवीत. अक्षरंही ठिपक्यांची असतील तर कार्ड स्कॅन करून छापलंय. मागचा होलोग्राम तिरपा धरल्यावर चमकला पाहिजे. टोपी रंगवल्यासारखी दिसते म्हणून घाबरू नका: मूळ फोटोत दुसऱ्या संघाची टोपी होती, कंपनीनेच ती रंगवून मरिनर्सची, म्हणजे ग्रिफीच्या संघाची केली.

अस्सल असलं तरी दुर्मीळ नाही. पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे १० ग्रेड मिळालेलीच चार हजारांवर आहेत. खरा भाव त्या १० लाच. ९ ला तो धाडकन उतरतो. शिवाय क्र. १ छपाईच्या तावाच्या कोपऱ्यात असायचं, त्यामुळे कोपरे मुळातच दुखावलेले सापडतात.

चित्र मधोमध छापलंय का, त्यावरही ग्रेड ठरतो. पट्टीने डावी-उजवी पांढरी किनार मोजून सांगा.

म्हापसेकर
डावी दीड मिमी, उजवी अडीच. होलोग्राम चमकतो. वरच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका आहे, आणि वरच्या कडेला रबराची खाच.

डिचोली_भिंगवाला
एकूण ४ मिमी, म्हणजे ६२-३८. १० साठी साधारण ५५-४५ लागतं. खाच पडली तिथे ९ सुद्धा गेलं. पाठवू नका, फी, दोन्हीकडचं कुरिअर आणि कस्टम्स मिळून कार्डाहून महाग पडेल.

फोंडा_छंदी
सहमत. रबर आजच काढा. चकचकीत कार्डं आपल्या पावसाळी दमटपणात एकमेकांना चिकटतात. ओढलीत तर शाई सुटून येते. प्रत्येक कार्ड आधी मऊ पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं पाकीट). पीव्हीसीचे स्वस्त अल्बम नकोत, त्यांचं प्लास्टिक कालांतराने तेलकट होऊन कार्डाला लागतं. डबा घट्ट झाकणाचा घ्या, आत रंग बदलणारी सिलिका जेल टाका. जून ते गणेश चवथ दर पंधरवड्याला बघा, रंग पालटला की पुड्या बदला.

आणि ट्रंकेतली बाकीची कार्डं? क्रमांक टाका, बघूया.