मदत हवी आहे : परदेशातील दत्तक मुलीला पत्र कसे लिहावे?

खानापूरच्या बाई : नमस्कार. दत्तक पालक योजनेतून (मूल आपल्या घरीच राहते, पालक दुरून त्याच्या खर्चाला पैसे देतो आणि पत्रे लिहितो) माझ्या नावावर असलेल्या मुलीला मी मे महिन्यात लिहिलेले पत्र संस्थेने ‘पुन्हा लिहून द्यावे’ एवढाच शेरा मारून परत पाठवले आहे. त्यात गैर असे एक अक्षरही नाही. आधीच्या दोन पत्रांना आलेली उत्तरेही चार ओळींची आणि एकसारखीच होती, आणि मी विचारलेल्या ११ प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांत नव्हते. ३४ वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवल्यानंतर एका मुलीशी मला पत्रातून बोलता येऊ नये, याचा फार त्रास होतो. पत्र याच आठवड्यात पाठवायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

निपाणीकर : बाई, मुलगी कोणत्या देशातील, वय किती, आणि आपण कोणत्या भाषेत लिहिता?

शहापूरचा करसल्लागार : परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. ती भारतातील मान्यताप्राप्त संस्थांपुरतीच आहे.

खानापूरच्या बाई : पैसे माझी लेक इंग्लंडमधून भरते, माझा प्रश्न पत्राचा आहे. मुलगी केनियातील, ८ वर्षांची. मी इंग्रजीत लिहिते.

निपाणीकर : पत्रावर आपला पत्ता होता का?

खानापूरच्या बाई : अर्थातच. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख असल्याशिवाय पत्र होत नाही. शेवटी मोबाइल नंबर दिला आणि ‘सुट्टीत आमच्याकडे ये’ असेही लिहिले.

निपाणीकर : मग तेथेच अडले असणार. मुलांच्या सुरक्षिततेसाठी अशा संस्था प्रत्येक पत्र वाचतात आणि पत्ता, फोन, आडनाव असे काही आढळले की ते खोडतात किंवा पत्र परत करतात. भेटीचे आमंत्रणही नको. जे घडणार नाही त्याची ते मूल वाट पाहत बसते.

मलप्रभेकाठचा : माझे मत वेगळे आहे. पत्र मराठीतच लिहावे. १९५६ पासून आपल्या बेळगाव सीमाभागाने भाषेसाठी जे सोसले, ते पाहता आपल्या माणसाने परक्या भाषेत मन मोकळे का करावे?

निपाणीकर : आपली भावना माझीही आहे, परंतु तेथे मराठी वाचणार कोण? तेथील कार्यकर्ता इंग्रजी वाचून मुलीला स्वाहिलीत सांगणार. वाक्ये छोटी असली तरच अर्थ शाबूत पोहोचतो.

मलप्रभेकाठचा : निदान तिचे नाव तरी देवनागरीत लिहावे. ती ते गिरवील.

अंगणवाडीताई, हुक्केरी : बाई, ८ वर्षांच्या मुलाचे पत्र बहुधा कार्यकर्ताच विचारून लिहून घेतो, आणि मागे इतर मुले रांगेत उभी असतात. ११ प्रश्न म्हणजे त्या लेकरासाठी परीक्षाच झाली, एकच विचारा. पत्रासोबत चित्र आले होते का?

खानापूरच्या बाई : दोन्ही वेळा शेळी होती, निळ्या पेन्सिलीने काढलेली. मागचा एक पाय खोडून पुन्हा काढला होता. कागद तेथे घासून पातळ झाला आहे. मला ते पत्रासोबतचे शोभेचे चित्र वाटले.

अंगणवाडीताई, हुक्केरी : तेच तिचे पत्र आहे, बाई. वरच्या चार ओळी दुसऱ्याच्या हातच्या, शेळी तिच्या हातची. दोनदा तीच काढली म्हणजे तिला ती आपल्याला दाखवायची आहे, आणि तिला अजून आपले उत्तर मिळालेले नाही.

निपाणीकर : हे अगदी पटले. आपल्याकडची मुले घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकतात, तसेच केनियातही पुष्कळ मुलांची घरची भाषा वेगळी असून स्वाहिली आणि इंग्रजी त्यांना शाळेत शिकावी लागते. पुढच्या एखाद्या पत्रात तेही सांगता येईल.

खानापूरच्या बाई : आज दुपारी नवे पत्र लिहिले. पत्ता नाही, आमंत्रण नाही. वर देवनागरीत तिचे नाव. शेजारच्या गोठ्यातील शेळी पाऊस आला की आमच्या पडवीत येऊन उभी राहते, हे सांगितले आणि ‘तुझ्या शेळीचे नाव काय?’ एवढेच विचारले. शेळीचे चित्र वेगळ्या कागदावर काढून जोडू का?

अंगणवाडीताई, हुक्केरी : पत्राच्याच कागदावर काढा. सुटा कागद वाटेत हरवतो.